दुसऱ्या ठोक्याला उडणारं काडतूस

साल दोन हजार तेवीस. माझं वय त्र्याहत्तर. ऑगस्टातली सकाळ, पाऊस आठ दिवस हलायला तयार नव्हता. रेंजच्या पत्र्यावर तो असा वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तरी मला तो बारका आवाज ऐकू आला. वैशालीनं पिस्तूल उचललं, नेम धरला, चाप ओढला आणि 'टिक' झालं.

बार नाही. नुसतं टिक.

तिनं पिस्तूल खाली ठेवलं नाही. नळी टार्गेटकडं धरून तशीच उभी राहिली. हा नियम आहे. काडतूस कधीकधी उशिरा उडतं, म्हणून अर्धा मिनिट थांबायचं. अर्धा मिनिट झाल्यावर तिनं काडतूस काढून माझ्या हातावर ठेवलं.

"तात्या, सकाळपासनं हे सातवं."

"पिस्तूल बघून घे तुझं," मी म्हणालो. "माल माझ्या हातचा हाय."

वैशाली गगनबावड्याकडची. शाळेत खेळाची शिक्षिका. बारा दिवसांवर पुण्यात राज्याची स्पर्धा होती. दोन वर्षं तिची निवड थोडक्यात हुकली होती, आणि ह्या वेळी नाही जमलं तर पिस्तूल जमा करून मोकळी होणार, असं ती घरी कबूल करून आली होती. स्पर्धेत तीन सेकंदांत एक गोळी मारायची असते. तिथं टिक झालं की लय तुटते. परत मारायची माफी मोजकीच मिळते.

आता मी कोण ते सांगतो. मी चौथी शिकलो. उद्यमनगरात लेथवर होतो, तिथून एका शिकलगार उस्तादांच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात गेलो आणि तीस वर्षं तिथंच राहिलो. उस्ताद गेले, दुकान बंद झालं, तेव्हा रायफल क्लबनं मला बोलावून घेतलं. काम असं की खेळाडूंची पिस्तुलं दुरुस्त करायची आणि काडतुसं परत भरून द्यायची.

परत भरायची म्हणजे काय, तर काडतुसाला चार वस्तू लागतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बारकी टोपी, आत दारू आणि तोंडाला शिशाची गोळी. इंग्रजीत टोपीला प्रायमर म्हणतात. पिस्तुलातली पिन टोपीवर ठोका मारते, टोपीतला मसाला पेटतो, त्यानं दारू पेटते आणि गोळी सुटते. गोळी गेली, दारू जळाली, टोपी मेली. पुंगळी मात्र शाबूत राहते. मेलेली टोपी काढून, ती धुऊन, नवी टोपी बसवून परत वापरता येते. सराव करणाऱ्याला रोज नवं काडतूस परवडत नाही आणि वेळेवर मिळतही नाही. हे सगळं क्लबच्या परवान्यावर, कुलपातल्या खोलीत चालतं. परवान्याशिवाय कुणी करू नये. बोटं जातील, आणि बोटं राहिली तर जेल आहे. फक्त रिकाम्या पुंगळ्या धुवायला घरी न्यायची मला लेखी मुभा होती. मोजून न्यायच्या, मोजून आणायच्या.

वीस वर्षांत माझ्या हातच्या काडतुसाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. म्हणून मी आधी पिस्तुलावर गेलो. ते उघडलं. पिन सरळ होती, टोक बरोबर, स्प्रिंगही ताठ होती. तरी स्प्रिंग बदलली. मग मेजरसाहेबांनी कपाटातून कंपनीची तयार काडतुसं काढली. हे आमच्या क्लबचे सेक्रेटरी, फौजेतून रिटायर झालेले, बोलतात कमी. वैशालीनं पन्नास मारली. पन्नास बार झाले.

"पिस्तूल निर्दोष सुटलं," मेजरसाहेब म्हणाले.

"पावसानं टोप्या सादळल्या असतील," मी म्हणालो.

टोप्यांचं नवीन पाकीट फोडलं, सील असलेलं. त्यातून पंचवीस काडतुसं भरली. तीन टिक.

"टोप्याही सुटल्या, तात्या," मेजरसाहेब म्हणाले.

टिक झालेली दहाही काडतुसं बाजूला ठेवली होती. म्हटलं, सायेब, ही परत मारून बघा. त्यांनी एकेक परत पिस्तुलात घातलं. सगळीच्या सगळी दुसऱ्या ठोक्याला उडाली.

इथं मला कळलं, आणि कळलं ते मला नको होतं. गादीवर ठेवून नारळ फोडून बघा. घाव कितीही जोरात घाला, गादी तो गिळते. टोपीचं तसंच आहे. पुंगळीच्या बुडाला टोपी बसायला खोलगट खाच असते, आम्ही तिला टोपीचं घर म्हणतो. टोपी त्या घरात तळाला टेकलेली पाहिजे. टेकली नसेल तर पिनेचा पहिला ठोका तिला खाली ढकलण्यात खर्च होतो. दुसऱ्या ठोक्याला ती टेकलेली असते, म्हणून उडते. म्हणजे दारू बरोबर, टोपी बरोबर, पिस्तूल बरोबर. टोपी बसवणारा चुकत होता. आणि टोपी बसवणारा मी.

मेजरसाहेबांनाही ते कळलं होतं. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं.

"तात्या, हात थकतो माणसाचा. त्यात लाजायचं काय?"

"हात थकला न्हाय."

"डोळ्याचं ऑपरेशन झालं का?"

"डोळ्याचा काय संबंध? टोपी बसली का ते मी बोटानं बघतो, डोळ्यानं न्हाय."

"शनिवारपर्यंत बघा. नाहीतर पुण्याच्या एका क्लबकडून काडतुसं मागवतो." थोडं थांबून म्हणाले, "आणि मग तुम्हीही जरा घरी आराम करा."

वैशाली मध्ये पडली. "सायेब, दुसऱ्याकडची काडतुसं टार्गेटवर दुसरीकडं लागत्यात. दहा दिसांत हात बसायचा न्हाय माझा."

"टिक होण्यापेक्षा बरं," मेजरसाहेब म्हणाले आणि ऑफिसात गेले.

खरं सांगायचं तर मला आतून भीती वाटत होती. पाचसहा महिने टोपी दाबून बसवायच्या प्रेसचा दांडा जड लागत होता. मी जोर वाढवला. वरून बोट फिरवलं की टोपी सपाट लागायची, म्हणून पुढं जायचो. जड का लागतंय हे बघायला पाहिजे होतं. मी मनात म्हटलं, वय झालं. कुणाला सांगितलं नाही. घरी आराम करा म्हणे. घरी कोण होतं?

हौसा जाऊन दोन वर्षं झाली होती. ती राधानगरीकडची. सेहेचाळीस वर्षं आमचा संसार झाला. पहिल्यांदा पुंगळ्या घरी आणल्या तेव्हा मी त्या रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासत बसलो होतो. ती बघून म्हणाली, "आवं, ही पितळ हाय न्हवं? मग बाजूला व्हा. पितळ घासायचं तुमी मला नगा शिकवू." तेव्हापासून ते काम तिचं झालं. कोमट पाण्यात चिंच कोळायची, त्यात पुंगळ्या टाकून हातानं फिरवायच्या, सात पाण्यांतून काढायच्या आणि सुपात पसरून उन्हात ठेवायच्या. पावसाळ्यात भाकरी झाल्या की कोमट तव्यावर. त्या पातेल्यात दुसरं काही शिजत नसे. मी संध्याकाळी क्लबातून आलो की सोन्यासारख्या पुंगळ्या फडक्यात बांधून तयार असायच्या.

लोक विचारायचे, "तात्या, तुमच्या पुंगळ्या एवढ्या लखलखीत कशा?" मी म्हणायचो, "हात लागतो कारागिराचा." हे ती दारात उभी असतानाही म्हणालोय.

ती गेल्यावर मीच तसं करू लागलो. तीच चिंच, तेच पातेलं, सात पाणी. वरून लखलखीत निघायच्या. करमणूकही व्हायची. चिंचेचा वास घरात सुटला की वाटायचं, ती आत आहे.

त्या दिवशी घरी आलो. कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात तिनं धुतलेल्या शेवटच्या पुंगळ्या होत्या, तिच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या. चाळीस होत्या. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं गाठ मारली होती. क्लबच्या वहीत मी त्या 'धुलाईस' म्हणून दाखवत आलो होतो. दर महिन्याला मेजरसाहेब विचारायचे आणि मी सांगायचो, होतायत सायेब. त्यांना माहीत असावं. पुढं पुढं त्यांनी विचारायचं सोडलं.

आता मला त्याच लागणार होत्या. हात तोच, टोपी तीच, प्रेस तोच ठेवायचा आणि फक्त पुंगळी बदलायची. त्या उडाल्या तर हात शाबूत. नाही उडाल्या तर मी घरी बसायचं. दुसरी परीक्षा नव्हती. दुकानात असताना उस्ताद हेच शिकवायचे, एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर काय बदललं ते तुलाच कळायचं नाही.

डबा मांडीवर घेऊन मी चहा गार होईपर्यंत बसलो. दोन वर्षं ती गाठ सोडली नव्हती. तिची गाठ अशी होती की एक टोक ओढलं की सुटायची आणि कितीही हिसडे द्या, आपली आपण सुटायची नाही. मी टोक ओढलं.

पुंगळ्या तशाच होत्या, काल धुतल्यासारख्या. एक उचलून मी सवयीनं बोट फिरवलं आणि मग घड्याळजीकडचं भिंग काढलं. सांगितलं ना, मी बोटानं काम करणारा माणूस. भिंग ड्रॉवरमध्येच पडून असायचं. खिडकीशी जाऊन पुंगळीचं बूड बघितलं. टोपीचं घर आतून चकचकीत होतं, आणि तळाला केसासारखे बारीक गोल ओरखडे. कुणीतरी टोकदार वस्तू गोल फिरवली होती. दुसरी बघितली. तसेच ओरखडे. दहा बघितल्या. दहाही तशाच.

मग माझ्या हातानं धुतलेली एक घेतली. वरून सोनं. टोपीच्या घरात काळी खरपुडी, आणि तिच्यावर चिंचेचा चोथा वाळून बसलेला.

टोपी जळली की घरात काजळी राहते. चिंचेनं पितळ उजळतं, पण ती काजळी निघत नाही. एकदोनदा भरताना काही कळत नाही. तीच पुंगळी पाचव्यांदा भरायला आली की थर जाड होतो. नवी टोपी त्या थरावर बसते. वरून सपाट, खाली गादी. हौसानं धुतलेला साठा वर्षभर पुरला, त्यात लॉकडाऊनमध्ये रेंज बंद. म्हणून मला कळायला दोन वर्षं लागली.

ती खरपुडी काढायचं हत्यार बाजारात मिळतं. मेजरसाहेबांनी पूर्वीच आणून दिलं होतं. मी ते पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं. म्हटलं होतं, "सायेब, माझी घरं साफच असत्यात. ही खेळणी नवशिक्यांना द्या."

मी बिद्रीला पोरीला फोन लावला. शोभाचे मालक तिथं साखर कारखान्यात आहेत.

"शोभे, तुझी आई पुंगळ्या धुताना काय करायची?"

"काय करायची म्हणजे? चिंचेत घालायची."

"ते म्हाईत हाय. धुतल्यावर?"

"धुतल्यावर कोरायची की."

"कशानं?"

"कानकोरण्यानं. तात्या, तुमास्नी खरंच म्हाईत न्हाय? दुपारी उंबऱ्यावर बसून रेडिओ लावायची आणि एकेक कोरायची. मी माहेरपणाला आले की मलाबी बसवायची."

तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात चांदीचं कानकोरणं होतं, ते मला माहीत होतं. ते कायम काळं असायचं. एकदा मी तिला पाव्हण्यांसमोर बोललो होतो, "कान हाय का धुराडं? किती मळ!" ती खो खो हसली होती. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसली.

"मग तिनं मला सांगितलं का न्हाय?" मी विचारलं.

"मी विचारलंतं तिला. म्हणाली, सांगू नगो गं. सांगितलं की मला शिकवाय बसतील."

मी हातातली पुंगळी फिरवत राहिलो. शोभाच म्हणाली, "तात्या, ऐकालाय न्हवं?"

"ते कानकोरणं कुठं हाय?"

"माझ्याजवळ. आईच्या किल्ल्या मीच आणल्या न्हवं."

"दे लावून."

"न्हाय."

"शोभे!"

"आईची तेवढीच खूण हाय माझ्याकडं. तुमच्याकडं आख्खं घर हाय तिचं."

पोरगी माझ्यावर गेली आहे. मी हट्टानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं ती स्वतः दारात उभी. छत्री झटकली, किल्ल्यांतून कानकोरणं सोडवलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"कुणाच्या हातानं पाठवाय जीव झाला न्हाय. स्पर्धा झाली की परत पायजे. परत द्यायच्या बोलीवर दिलंय म्हणा."

"देतो."

"कवा?"

"दुसऱ्याच दिवशी."

कानकोरण्याची वाटी मी पुंगळीच्या घरात टेकवली. तंतोतंत. लेथवर मापानं काढली असती तरी एवढी बसली नसती. एक वेढा दिला, काळी पूड तळव्यावर पडली. दोन वेढ्यांत तळ दिसला.

आधी मात्र क्लबात जाऊन तिच्या चाळीसातल्या वीस पुंगळ्या भरल्या. प्रेसचा दांडा लोण्यात गेल्यासारखा खाली आला. तेव्हाच मला कळलं होतं, तरी वैशालीला म्हटलं, मार. विसांचे वीस बार झाले. प्रत्येक बाराला मी खूश होत होतो आणि प्रत्येक बाराबरोबर डब्यातली एक कमी होत होती. दोन्ही एकदम होत होतं. उरलेल्या वीस मी भरल्या नाहीत. सिद्ध व्हायचं ते झालं होतं.

मग तीन दिवस मी उंबऱ्यावर बसलो. चारशे पुंगळ्या. मेजरसाहेबांनी दिलेलं हत्यार ड्रॉवरमध्ये होतं, त्यानं निम्म्या वेळात झालं असतं. नाही वापरलं. पहिल्या दिवशी शोभा शेजारी बसली होती. माझं बघून म्हणाली, "तात्या, उलटं फिरवालाय. आई उजवीकडनं फिरवायची, मग पूड आपणहून पडती." मी उजवीकडनं फिरवू लागलो. पूड आपणहून पडू लागली. रेडिओ लावायचं तिला सुचलं. मी नको म्हणालो, आणि ती गेल्यावर लावला.

शनिवारी शंभर काडतुसं भरून दिली. मेजरसाहेब स्वतः मोजत उभे होते. शंभर बार. एक टिक नाही.

"हात ठीक आहे तुमचा," ते म्हणाले.

"मी म्हणतच हुतो."

"मग बिघाड कुठं होता?"

"पुंगळीत. घरात खरपुडी."

"ते हत्यार मी दिलं होतं ना?"

"दिलंतं."

त्यांनी नुसती वही पुढं सरकवली. आमच्याकडं बिघाडाची वही असते. तारीख, बिघाड, कारण, सही. मी पेन घेतलं. माझं अक्षर वाईट आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'पुंगळ्या धुणारं माणूस राहिलं नाही.' मेजरसाहेबांनी वाचलं. आपली सही केली आणि वही मिटली. मी निघताना म्हणाले, "ते धुलाईला दिलेले वीस नग अजून धुलाईतच दाखवतो."

पुण्याची स्पर्धा झाली. संध्याकाळी वैशालीचा फोन आला. ती नुसती ओरडत होती. निवड झाली होती, यादीत शेवटून दुसरं नाव. "तात्या, साठातलं एक टिक झालं न्हाय. चुकलं ते माझं मी चुकले."

"ते तुझं तू बघ," मी म्हणालो.

बार फुसका निघाला की लोक पिस्तूल बघतात, टोपी बघतात, दारूला नावं ठेवतात. मीही तेच केलं. आता नवीन पोरांना सांगतो, आधी विचारा, कामाला लागणाऱ्या हातांतला कुठला हात कमी झालाय. मग हत्यारं उघडा.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं बिद्रीला गेलो आणि कानकोरणं शोभाच्या हातात दिलं. तिनं उजेडात धरून बघितलं.

"तात्या, पुसून तरी आणायचं. किती काळं केलंय."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "तसंच असतंय ते."